पुडी औषधात धरत नाहीत

– नाही, आधी ती बाटली खाली ठेवा डॉक्टर, मग बोला. हो, मीच अडवलं. सिस्टरांनी खाली निरोप धाडला असेल ना तुम्हाला, आठ नंबरच्या पेशंटची बायको सलाईन लावू देत नाही, डोकं फिरलंय तिचं, म्हणून तर जेवण टाकून आलात तुम्ही. डोकं नाही फिरलं. माझ्या नवऱ्याला ते औषध आज चढवायचं नाही, एवढंच म्हणतेय. मोठे डॉक्टर सांगून गेलेत, माहीत आहे. सकाळी ते आले तेव्हा तुम्ही सगळे त्यांच्या मागे उभे होतात आणि मी खिडकीपाशी थर्मास घेऊन उभी होते. बाजूला हो म्हणाले मला, बाहेर जा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून राहिले. आणि राहिले म्हणून ऐकलं. काय ऐकलं? तुम्ही सगळे इंग्रजीत बोललात म्हणून आम्हाला कळत नाही असं वाटतं तुम्हाला. दोन वर्षं ह्या पायऱ्या चढतेय मी, क्रिएटिनिन चढलं म्हणजे किडनी दमली हे मला कळतं, रिजेक्शन कळतं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ह्याचं क्रिएटिनिन एवढं कशाने चढलं असेल, तर रिजेक्शन असं तुम्हीच म्हणालात – तुम्हीच होतात ना ते? – म्हणजे ह्यांचं शरीर बहिणीची किडनी परकी समजून बाहेर ढकलायला लागलंय. ती चष्मेवाली मुलगी हळूच म्हणाली, पेनकिलरनेही चढतं. तेव्हा मोठे डॉक्टर ह्यांच्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, काय हो, दुखण्याच्या गोळ्याबिळ्या घेता का, दुसरं काही औषध? ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. झालं. गेलात पुढच्या खाटेकडे. किडनीचा तुकडा काढून तपासायचा म्हणालात, तर तो तपासणारा माणूस रजेवर. म्हणून मग अंदाजाने तीन दिवस ते औषध चढवायचं, शरीराची सगळी ताकद झोपवायची – सिस्टरच म्हणाल्या मला, आता मास्क लावून या, ह्यात कशाचीही लागण झाली तर आवरत नाही. एका मान हलवण्यावर.

तर ऐका, ती मान खोटी होती.

म्हणजे अगदी खोटी नाही, तेही सांगते, नाहीतर तुम्ही लगेच आत जाऊन त्यांच्यावर ओरडाल. गोळ्या ते घेत नाहीत. तुम्ही दिलेल्या सोडून एक गोळी पोटात जात नाही त्यांच्या. पुडी घेतात. डोकेदुखीची पुडी हो, कागदाची, त्रिकोणी घडी असते, उघडायची, जिभेवर पावडर ओतायची आणि वर चहा. असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला माहीत नाही ती पुडी? ह्या हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या पानवाल्याकडे टांगलीय, ब्लेडच्या आणि सुपारीच्या माळेशेजारी, जाऊन बघा. रेडिओवर दिवसभर तिचं गाणं वाजतं. बसच्या पाठीवर बाई हसतेय, हातात पुडी. जी वस्तू सुपारीशेजारी टांगलेली असते ती औषध असते, हे आम्ही कुठून समजायचं? औषध म्हणजे तुम्ही लिहिता ते, केमिस्टकडे मिळतं ते, जे वेळेवर घ्यायचं आणि नाही घेतलं तर शिव्या खायच्या ते. पुडी कोणी औषधात धरत नाही. आमच्याकडे तरी नाही. तुमच्या त्या चष्मेवालीने विचारलं असतं, चहाबरोबर काय घेता हो मामा, तर त्यांनी आपणहून सांगितलं असतं, बिस्किट आणि पुडी.

हे गिरणीत होते. साळखात्यात, विणकामाच्या खात्यात. तुम्ही कधी पाऊल टाकलंय तिथे? एक साचा, म्हणजे माग, चालू झाला तर कान दुखतो, तिथे शेकडो. बोलायचं तर खुणा करून. कापसाचा धुरळा, दमट हवा, पाळीच्या मध्यावर डोकं असं ठणकायचं की भिंतीवर आपटावंसं वाटे, हे त्यांचे शब्द. तर चहावाला किटलीबरोबर पुड्यांची माळ घेऊनच यायचा. चहा म्हणजे पुडी. नव्या पोराला पहिल्या दिवशी जुना माणूस स्वतः पुडी फोडून द्यायचा, घे रे, ही घेतल्याशिवाय साचा तुला उभा करणार नाही. ह्यांच्या वडिलांनी ह्यांना दिली. बापाने हातात दिलेली वस्तू ती. पुढे संप झाला, गिरणी गेली, हे घाटकोपरला आमच्या टेकडीखालच्या गाळ्यात प्रेसवर लागले, तरी चहाबरोबर पुडी राहिलीच. मग पाय सुजले, मग त्या वर्षभराच्या डायलिसिसच्या मशीनवरच्या वाऱ्या, आणि मग ऑपरेशन. पहिल्या किडन्या कशाने गेल्या विचारलं तेव्हा तुमच्यातलेच एक म्हणाले, कारण सापडत नाही, कधीकधी सापडत नाही. मी आता ह्या बाकावर बसून सारखा तोच विचार करतेय. कारण सापडत नाही की कारण कोणी विचारलं नाही?

आवाज कशाला खाली करू? ऐकू दे वॉर्डाला. त्यातल्या अर्ध्यांच्या खिशात असेल.

ऑपरेशननंतर घरी सोडलंत तेव्हा काय काय सांगितलंत तुम्ही. उकळलेलं पाणी. बाहेरचं खायचं नाही. लोणचं नाही, पापड नाही, सुकी मासळी नाही – मालवणी माणसाला सुकी मासळी नाही, तेही त्यांनी ऐकलं. लग्नाला जायचं नाही, गर्दीत जायचं नाही, मांजर घरात नको. आमच्या शेजारणीचं मांजर मी काठीने हाकललं, अजून ती बोलत नाही माझ्याशी. एक गोष्ट मोडली नाही आम्ही. चहाबरोबर पुडी घ्यायची नाही, हे मात्र कोणी सांगितलं नाही. सांगितलं होतं? कोणती भाषा वापरलीत? तुम्ही म्हणालात, विचारल्याशिवाय कोणतंही औषध घ्यायचं नाही. बरोबर आहे. नाही घेतलं.

आणि दुखत होतं ते काय खोटं होतं? उजवा खुबा. ऑपरेशनला वर्ष होत आलं तेव्हा धरला. आधी उठता-बसता, मग चालताना. मीच त्यांना तुमच्या ओपीडीत ओढून आणलं, सकाळी नंबर लावला, दुपारी आत घेतलं. तेव्हा तुम्ही नव्हता, दुसरे होते, उंच, घड्याळ बघणारे. हे म्हणाले, साहेब, खुबा दुखतो, मांडी घालता येत नाही. ते म्हणाले, किडनी टिकवायच्या त्या पांढऱ्या गोळ्यांनी होतं तसं कधीकधी, किडनी चांगली चाललीय ना, मग? थोडं सोसायला शिका, नशीब समजा जिवंत आहात. नशीब समजलो. घरी आलो. आता मला सांगा, सोसायला शिका हे काय औषध झालं? माझ्या नवऱ्याला नाही सोसायचं. का सोसायचं? बहिणीने पोट फाडून घेतलं ते ह्यांनी कोपऱ्यात पडून सोसत बसावं म्हणून?

तुम्ही ह्यांना खाटेवरच बघितलंय, तोंड सुजलेलं, कपाळाला आठ्या. हे पखवाज वाजवतात. आमच्या गावच्या भजनी मंडळात, डबलबारीला. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने अभंगातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं, आणि पखवाजाने दोघांनाही झोपू द्यायचं नाही. आमचे अनंता बुवा. ऑपरेशननंतर त्यांनी दुसरा पखवाजी घेतला होता, पण मन लागेना त्यांचं. एका रविवारी घरी आले आणि ह्यांना म्हणाले, “लवू, तुझ्या हाताशिवाय माझी बारी उभी रवणा नाय रे.” एवढंच. हे उठले आणि भिंतीवरचा पखवाज काढला. पण पखवाज खुर्चीत बसून नाही वाजत डॉक्टर, मांडी घालावी लागते, चार चार तास. आणि मांडी घातली की खुबा असा पेटायचा की डोळ्यांत पाणी. तर एक पुडी बसायच्या आधी. मग एक मध्ये. मग सकाळी एक, कारण आदल्या दिवशी बसलेले. मग गाळ्यावर उभं राहायचं म्हणून एक. गर्दीत जायचं नाही हे मोडलं आम्ही, हो, तेवढं मोडलं. लिहा.

आणि तुम्हाला काय सांगू, त्या महिन्यांत माझा नवरा मला परत मिळाला. ऑपरेशनने जीव मिळाला होता, माणूस मिळाला नव्हता. पुडीने मिळाला. घरात भाकरी थापताना मागे बोटं वाजायची, पत्र्याच्या डब्यावर, ताटावर, माझ्या पाठीवर – जाऊ दे. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. मी बघत होते किती पुड्या जातायत ते, केरात रोज कागद यायचे, मीच झाडायची. अडवलं नाही. आणि आजही असं नाही म्हणणार की अडवायला हवं होतं. मला माहीत असतं तर अडवलं असतं. माहीत नव्हतं, आणि माहीत करून देणारा माणूस घड्याळ बघत होता.

हो, आता लिहा, आता पेन काढलंत. रोज किती? चार-पाच धरा, भजनाच्या दिवशी जास्त. कधीपासून – गणपतीच्या आधीपासून. शेवटची कधी? इथे दाखल करायच्या दिवशी सकाळी, आणि इथेही एक उशीखाली होती, ती मी आत्ता काढून घेतली. ही घ्या. नाव वाचा, काय असतं तिच्यात ते तुम्ही बघा. कुठून आणता म्हणजे काय? दुकानातून. कुठलं दुकान कशाला हवंय तुम्हाला? मुलुंडला. मुलुंडला एक दुकान आहे, किराणा आहे, तिथून. राहतो घाटकोपरला, मग काय झालं? प्रत्येक पानवाल्याकडे मिळते हे मीच म्हणाले ना, हो, म्हणाले. मग मुलुंड कशाला. तालीम मुलुंडला असते बुवांकडे, जाता-येता घेतात. बास. लिहा, दुकानातून. – काय? अहो त्याने काय फरक पडतो, कोण देतं ते!

कोण देतं असं मी म्हणाले का?

बसा. बसा तुम्ही बाकावर, मी उभी राहते. आता अर्धवट ऐकून गेलात तर आत जाऊन त्यांनाच विचाराल, आणि ते मेले तरी सांगणार नाहीत. म्हणूनच तर मान हलवली त्यांनी सकाळी. चष्मेवाली पेनकिलर म्हणाली ना, तेव्हा तो शब्द ह्यांनाही कळला होता. बसच्या पाठीवर तोच लिहिलाय. मी त्यांचं तोंड बघत होते. कळला, आणि कळून मान हलवली. तुम्ही सगळे गेल्यावर मी जवळ गेले तर माझा हात धरला आणि म्हणाले, “सुलू, मालनला कळता कामा नये. तू बोललीस तर परत मला तोंड दाखवू नकोस.”

मालन म्हणजे माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण. जिची किडनी आहे ती. तुम्ही ओळखता त्यांना, खाली बसल्यात ना बाकावर, जाड वेणी, मोठं कुंकू, त्याच. मुलुंडचं दुकान त्यांच्या नवऱ्याचं. आता समजलं?

दर रविवारी तालमीनंतर हे दुकानात जायचे. बहीण बसलेली असते गल्ल्यावर. आमच्यात माहेरचं माणूस दारात आलं तर रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, काहीतरी हातात घालायचंच – कधी नारळ, कधी साबणाची वडी, मुलांना गोळ्या. आणि ह्यांना लंगडताना बघितलं की वन्सं वर हात करायच्या, पुड्यांची माळ ओढायच्या, एक वीतभर तोडायच्या आणि ह्यांच्या खिशात कोंबायच्या. म्हणायच्या, बसायच्या आधी घे रे, मांडी दुखते ना तुझी. प्रेमाने. पोटातली किडनी दिली त्याच हाताने, त्याच प्रेमाने. आता त्यांना कोण सांगणार, तुम्ही? की बाई, तुम्ही दिलेल्या किडनीला तुम्हीच रविवारी रविवारी –

आणि त्यांचं घर तुम्हाला माहीत नाही. किडनी द्यायची ठरली तेव्हा त्यांची सासू, रुक्मिणीबाई, दारात आडवी झाली होती. खरोखर आडवी, जमिनीवर. आमची सून आम्ही नांदवायला आणलीय, कापायला नाही म्हणाली. नवरा, बळवंतराव, वाईट माणूस नाही, पण आईपुढे बोलत नाही. वन्सं सासूला ओलांडून बाहेर आल्या. अंगावरचं लुगडं तेवढं. सासूला ओलांडणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. आज दोन वर्षं झाली तरी म्हातारी येईल-जाईल त्याला सांगते, आमची सून अर्धी आहे. ती किडनी टिकलीय, भाऊ पखवाज वाजवतोय, एवढंच वन्संचं उत्तर आहे तिला. भजनाला मुद्दाम सासूला घेऊन येतात पुढे बसायला. बघा, वाजवतोय की नाही. आणि उद्या म्हातारीला कळलं, की किडनी गेली, आणि गेली ती आपल्याच दुकानातल्या पुडीने, सुनेने स्वतःच्या हाताने दिलेल्या – जगू देईल ती त्यांना?

म्हणून हे गप्प आहेत. किडनी गेली तर जाऊ दे, रिजेक्शन झालं म्हणतील, देवाची मर्जी म्हणतील, बहिणीवर बोट नको. तुमचं ते औषध चढवून घेतील, ताप आला तर मरतीलही, पण बोलणार नाहीत. मोठेपणा आहे त्यांचा. असू दे. मला नको असला मोठेपणा. मी नवरा घेऊन घरी जाणार आहे. तोंड दाखवू नको म्हणाले ना, नाही दाखवणार, भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापीन, पण जिवंत माणसासाठी थापीन.

आता मी काय सांगते तसं करा. मोठ्या डॉक्टरांना फोन लावा, पुडीचं सांगा, आणि ते औषध थांबवा. थांबवायचं की नाही ते तेच ठरवणार, कळलं, पण खरं ऐकून ठरवू दे. आणि पुडी कोणी दिली असं विचारलं तर लिहा, बायकोने आणून दिली. हो, लिहा. माझं नाव लिहा, सुलक्षणा. बायकोने गल्लीतल्या पानवाल्याकडून आणली, नवऱ्याला रोज दिली. मोठे डॉक्टर ओरडतील तर माझ्यावर ओरडू दे, मी ऐकून घेते, वर दोन ऐकवते पण. सोसायटीत, भजनात, मुलुंडला, सगळीकडे हेच सांगायचं. रुक्मिणीबाई मला शिव्या घालेल, घालू दे, मी तिची कोण लागते. वन्संना कळायची काही गरज नाही. त्या खाली बसल्यात तशाच घरी जातील, माझ्यावर चिडतील वर्षभर, पण मान वर करून गल्ल्यावर बसतील. लिहिलंत? दाखवा. मला वाचता येतं इंग्रजी थोडं. वाईफ. हां. हेच.

जा आता. जा ना, फोन लावा. काय राहिलं?

काय म्हणालात?

त्या स्वतः घेतात का – त्या कशाला घेतील. त्यांना काय झालंय, धडधाकट आहेत. तुम्हीच सांगितलं होतंत त्यांना सोडताना, एका किडनीवर माणूस म्हातारा होतो, काही पथ्य नाही, खा प्या, काम करा. परत बोलावलं कुठे तुम्ही त्यांना. पेशंट नाहीत त्या, मला काय विचारता –

सकाळपासून गल्ल्यावर बसतात. मिरचीचा खाट, पिठाचा धुरळा. डोकं त्यांचं लग्नाआधीपासूनच... हे सांगायचे, आमच्या घरात डोकं दुखणं वारशाने आलंय म्हणून. चहा येतो हॉटेलातून, कप गल्ल्यावर ठेवतात, एका हाताने गिऱ्हाइकाला सुटे देतात आणि दुसरा हात वर जातो, माळेकडे, बघतसुद्धा नाहीत, एक खुडतात, दातांनी कागद फाडतात... दर चहाला. मी समोर उभी असायची. कितीदा. मलाही विचारायच्या, घेतेस का गं सुलू.

किती ते नाही माहीत मला. दुकान घरचंच आहे. मोजणार कोण.

नाही, तुम्ही खाली जायचं नाही. तुम्ही फोन लावा, ह्यांचं बघा. त्यांना मी सांगते. हो, सगळं. कुठून आली, कोणी दिली, सगळं सांगावं लागेल, नाहीतर त्या ऐकणार नाहीत माझं, हसतील, पुडीने कधी काय होतं का म्हणतील.

ते वाईफ लिहिलंय ना, ते खोडा.

बाजूला व्हा डॉक्टर, जिना सोडा.